राय, बोडियम, डोव्हर: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी चार दिवसांची आखणी

राजहंसगड सकाळी आणि वल्लभगड दुपारी, हे आपल्याकडे जमतं कारण गाडी दारात असते. बोडियम आणि डोव्हर हे किल्ले इंग्लंडच्या आग्नेय भागात आहेत. तिथल्या खेड्यांत रेल्वे तासाला एक, आणि किल्ले संध्याकाळी लवकर बंद. त्यामुळे दिवसाला एकच किल्ला धरा. मे, जून किंवा सप्टेंबर गाठा. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं.

मुक्काम त्याच भागातल्या राय गावात करा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून अ‍ॅशफर्ड, तिथं गाडी बदलून राय, असा सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास. अ‍ॅशफर्डची पुढची गाडी चुकली की तासभर फलाटावर बसावं लागतं, म्हणून जोडगाडीची वेळ आधी बघूनच निघा. सकाळची गर्दीची वेळ टळल्यावरचं ‘ऑफ-पीक’ तिकीट स्वस्त पडतं.

राय एके काळी भर समुद्रावरचं बंदर होतं. गाळ साचत गेला, समुद्र मागं हटला. आज तो साधारण तीन किलोमीटरवर आहे. तरी नदीला भरती-ओहोटी आहेच. ओहोटीला गेलात तर धक्क्याजवळच्या होड्या चिखलात कलंडलेल्या दिसतील. भरतीची वेळ पाहून जा, गाव बंदर का होतं ते तेव्हा कळतं. मर्मेड स्ट्रीट गोल गोट्यांनी बांधलेली, उभ्या चढाची. पाऊस पडला की तिथं गुळगुळीत तळव्याचा बूट हमखास घसरतो आणि बॅगेची चाकं अडकतात. सामान पाठीवर घ्या.

१३७७ मध्ये फ्रेंचांनी राय जाळलं. अशा हल्ल्यांचं भय असतानाच, १३८५ मध्ये, बोडियमचा किल्ला बांधायला राजाची परवानगी मिळाली. आपल्या बेळगावच्या भुईकोटासारखाच खंदक, पण इथं पाणी तटाच्या थेट पायाशी भिडलेलं. वारा पडलेला असेल तर अख्खा किल्ला उलटा दिसतो. दारातून आत जाताना मान वर करा: लोखंडानं मढवलेली जुनी लाकडी जाळी अजून वर लटकते आहे. बाहेरून तट शाबूत, आत मात्र छपरं नाहीत. बुरुजांचे जिने अरुंद आणि गोल. लहान मुलांना पुढं ठेवा. ढासळू लागलेला हा किल्ला हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय कर्झन यांनी विकत घेऊन दुरुस्त केला, आणि मग तो नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेला. जवळचं स्टेशन रॉबर्ट्सब्रिज, तिथून आठेक किलोमीटर. टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, परतीचीसुद्धा.

डोव्हरचा किल्ला पावसाच्या दिवसासाठी राखा, कारण दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश आणि मित्रराष्ट्रांचं सैन्य सोडवून आणण्याची सूत्रं जिथून हलली ती भुयारं किल्ल्याखालच्या खडकात आहेत. भुयारांच्या फेरीला रांग लागते, म्हणून आधी ती करा. राजा दुसऱ्या हेन्रीचा मधला बुरुज नंतर. पाच तास हाताशी ठेवा. स्टेशनपासून चढ दमवणारा आहे.

किल्ल्यांच्या प्रवेश-पासात चूक होते ती इथं: डोव्हर इंग्लिश हेरिटेज या दुसऱ्या संस्थेकडे, बोडियम नॅशनल ट्रस्टकडे. एकाचा पास दुसऱ्याकडे चालत नाही. इंग्लिश हेरिटेजकडचा डोव्हर हा एकच किल्ला बघणार असाल, तर पास न घेता सुटं तिकीट काढा.

आणि नातेवाइकांसाठी कुंदा नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ तिथं न्यायला मनाई आहे, विमानतळावरच काढून घेतात.