एका पोर्टवर तीन एलईडी दिवे जोडताना

माझ्या माशांच्या चार फुटी टँकवर सुरुवातीला एकच दिवा होता. मधोमध लख्ख उजेड आणि दोन्ही कोपऱ्यांतली व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती पिवळी पडत चाललेली. म्हणून त्याच मॉडेलचे आणखी दोन दिवे आणले. दिव्यांची वेळ आणि उजेड ठरवणाऱ्या कंट्रोलरवर दिव्यांसाठी पोर्ट, म्हणजे जोडणीची जागा, मात्र एकच. आज तिन्ही दिवे त्या एका पोर्टवर चालतात. तुम्हालाही हे करता येईल, पण वायर सोलायच्या आधी एक गोष्ट पक्की करा: तुमच्या पोर्टमधून वीज येते की नुसता इशारा?

काही कंट्रोलर अडॅप्टर आणि दिवा यांच्या मधे बसतात. दिव्याचा सगळा करंट त्यांच्यातूनच जातो. तिथे हिशेब सरळ आहे. १२ व्होल्टचा २४ वॅटचा दिवा २ अँपिअर घेतो, तसे तीन म्हणजे ६ अँपिअर. पोर्टवर ५ अँपिअर लिहिलं असेल तर तिसरा दिवा लावायचाच नाही. ५ लिहिलंय म्हणून पूर्ण ५ घेऊही नका, ४ वर थांबा. अडॅप्टरही तेवढ्याच तयारीचा हवा, आणि सगळे दिवे एकाच व्होल्टेजचे हवेत.

दुसरा प्रकार ०-१० व्होल्टचा, माझा तोच आहे. इथे प्रत्येक दिव्याला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा डबा, असतो आणि तो वीज थेट बोर्डातून घेतो. कंट्रोलर दोन बारीक तारांवरून फक्त ‘किती उजेड’ एवढं सांगतो. १० व्होल्ट म्हणजे पूर्ण, ५ म्हणजे साधारण निम्मा.

जोडणी समांतर करायची. तिन्ही ड्रायव्हरच्या डिम-प्लस तारा (उजेडाचा इशारा घेणाऱ्या जोडीतली प्लस) एकत्र करून पोर्टच्या प्लसला, तिन्ही डिम-मायनस एकत्र करून मायनसला. एकामागून एक, म्हणजे एकसर, कधीही नाही. तारांच्या रंगावर विसंबू नका, ड्रायव्हरवरचा छापील मजकूर वाचा. एका ड्रायव्हरच्या तारा उलट लागल्या तर तिन्ही दिवे चुकीचे वागतात आणि दोष कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. डिम-मायनस आणि एलईडीकडे जाणारी मायनस तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात स्पष्ट सांगितलं नसेल तर त्या एकमेकींना जोडू नका. जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. नुसती पिळलेली तार टँकवरच्या दमट हवेत हिरवी पडते.

आता मुख्य मुद्दा. दिवे एकेक करून जोडा आणि दर वेळी पोर्टवर मल्टिमीटर लावा, एकदा १०० टक्क्यांवर, एकदा शून्यावर. दिवे वाढवल्यावर १०० टक्क्यांवरचे १० व्होल्ट खाली येऊ लागले, तर पोर्टची ताकद संपली, तिथेच थांबा.

माझ्याकडे वरचं टोक ठीक होतं, खालचं बिघडलं. रात्री दहाला प्रोग्रॅम शून्यावर यायचा तरी नियॉन टेट्रा माशांच्या अंगावरची निळी पट्टी तशीच चमकत राहायची. अंधारात ती फिकी पडते. ती पडत नाही म्हणजे मासे झोपलेले नाहीत, हे मला चैन पडू देईना. मीटर लावला. शून्यावर एक दिवा असताना ०.८ व्होल्ट, दोन असताना १.६, तीन असताना २.४.

कारण ड्रायव्हरमध्ये होतं. अशा ड्रायव्हरची डिमची तार स्वतःच थोडा करंट बाहेर सोडते. मीन वेल कंपनीच्या एचएलजी मालिकेतल्या डिमिंगवाल्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात तो १०० मायक्रोअँपिअर दिलेला आहे, माझ्याही ड्रायव्हरचा तेवढाच. तीन दिव्यांचे झाले ३००. माझ्या पोर्टला तो पुरता गिळता येत नव्हता, म्हणून व्होल्टेज वर तरंगत राहायचं. त्या करंटला वाट मिळावी म्हणून पोर्टच्या प्लस-मायनसमध्ये ३.३ किलोओहमचा रेझिस्टर लावला, आणि शून्यावरचं व्होल्टेज ०.७ वर आलं. मात्र १० व्होल्टला हा रेझिस्टर स्वतः ३ मिलीअँपिअर खातो. तेवढे द्यायची ताकद पोर्टमध्ये आहे का, हे आधी पाहा.

तरीही पूर्ण अंधार झाला नाही, कारण बरेच ड्रायव्हर १० टक्क्यांच्या खाली उतरतच नाहीत. म्हणून तिन्ही दिव्यांची वीज कंट्रोलरच्या एका सॉकेटवरून घेतली आणि ते सॉकेट दहाला बंद व्हावं असं लावलं. आता पट्टी रोज फिकी पडते. सकाळी दिवे १० टक्क्यांवर लागून तासाभरात चढतात, त्यामुळे मासे बिचकत नाहीत.

एका पोर्टवरचे दिवे कायम एकसारखेच वागणार. डावा आधी आणि उजवा नंतर लागावा, अशी हौस असेल तर दुसरं पोर्ट लागेलच. दिव्याला निळा आणि पांढरा असे दोन चॅनल असतील, तर सगळे निळे एका पोर्टवर, सगळे पांढरे दुसऱ्यावर. वेगवेगळ्या कंपन्यांचे दिवे एकत्र करू नका. त्याच ५ व्होल्टला एक जास्त उजळतो, दुसरा कमी.

हे सगळं काम प्लग काढून आणि कोरड्या हातांनी करा. टँकच्या सर्किटवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असू द्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या पातळीखाली एक झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोक्यावरून खाली पडेल, सॉकेटपर्यंत पोचणार नाही.