कात्रीआधी शिका, सुईआधी नको

माझ्याकडे शिवणकामाच्या तीन वह्या आहेत. पहिलीत ब्लाउजचं ड्राफ्टिंग, 28 पासून 42 छातीपर्यंत, लाल-निळ्या पेनाने. दुसरीत व्हिडिओ बघून उतरवलेल्या युक्त्या. तिसरीत नुसते गळे: मटका गळा, पान गळा, बोटनेक. सहा महिने क्लास आणि पुढे दीड वर्ष घरी, एवढ्या काळात या वह्या भरल्या आणि अंगात घालता येईल असा ब्लाउज एकही शिवून झाला नाही. मशीनवर टेबलक्लॉथ आणि त्यावर फुलदाणी. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "आमची सून शिवण शिकतेय." दोन वर्षं शिकतेयच.

कापड नव्हतं अशी सबबही मला सांगता येत नाही. आम्ही इचलकरंजीचे. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावाची झोपसुद्धा मागाच्या खडखडाटात होते. मांजरपाट लागेल तेवढा मिळतो. भीती कापडाच्या किमतीची नव्हतीच, कात्री चालवायची होती. एक व्हिडिओ संपला की वाटायचं, अजून एक बघू, मग कापू. आणि बघताना हात रिकामे असले तरी काहीतरी केल्याचं समाधान मिळतंच, तिथेच फसायला होतं.

शेवटी सासूबाईंनीच एक छापील सुती कापड पुढ्यात टाकलं. "हळदीकुंकवाला घालायचाय. बिघडला तर बिघडला, घरात घालीन."

बिघडला. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या.

ज्यांनी कधी शिवलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहीचा वरचा गोल दोन्ही बाजूंना सारखा नसतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा थोडी जास्त खोल कापावी लागते. कापड दुमडून, सुलट बाजू सुलट बाजूवर ठेवून कापलं की आपोआप डावी-उजवी जोडी निघते. मी कागद एकेरी कापडावर ठेवला, एक बाही कापली, कागद तसाच सरकवून दुसरी कापली. दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा प्लेन रुबिया असता तर एक बाही उलटी करून लावली असती, कुणाला कळलंही नसतं. पण हा छापील. उरलेल्या कापडातून तिसरी बाही पुरी निघेना, म्हणून काखेकडे जोड दिला. सासूबाई म्हणाल्या, "काखेत कोण बघतंय." आणि तो ब्लाउज घालून त्या खरंच हळदीकुंकवाला गेल्या.

गंमत म्हणजे "बाह्या जोडीने कापाव्यात" हे माझ्या पहिल्या वहीत लिहिलेलं होतं. खाली दोन रेघाही मारलेल्या. लिहिलेलं असणं आणि हाताला माहीत असणं यात केवढं अंतर असतं ते त्या दिवशी कळलं. पण लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन "शिकणं सोडा, सरळ करा" असं मी म्हणणार नाही. ती बाही कापण्याआधी पाच मिनिटं वही उघडली असती तर जोड द्यावा लागला नसता. म्हणजे कुठे आधी शिकायचं आणि कुठे आधी करायचं, हे ठरवायला काहीतरी माप हवं. माझं माप शिवणकामातूनच निघालं: जे कात्रीने होतं ते आधी शिकायचं, जे सुईने होतं ते आधी करायचं. कापलेलं परत जुळत नाही, शिवलेलं उसवता येतं.

कात्रीच्या बाजूला मोजून पाहिलं तर फारसं काही नाही. अस्तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगून बसतं. उभा धागा-आडवा धागा ओळखायचा. बाह्या जोडीने. मापं अंगावरून घेण्याआधी नीट बसणाऱ्या जुन्या ब्लाउजवरून घ्यायला शिकायचं. शिंपी उगाच "मापाचा ब्लाउज आणा" म्हणत नाहीत. 36 छातीला चौथा भाग 9 इंच, मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची खोली, छातीच्या सहाव्या भागाने 6 इंच, एवढ्या दोन आकड्यांवर माझा साधा ब्लाउज आजही उभा राहतो. आणि शेवटचं, सगळ्यात कामाचं: माया, म्हणजे शिलाईच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड. 9 इंचांच्या पुढे दीड इंच माया सोडूनच कापायचं. माया असली की कात्रीची चूकसुद्धा थोडीफार सुईच्या बाजूला येते, कारण घट्ट झालं तर सोडायला जागा राहते. एवढं सगळं एका दुपारी शिकून होतं. मला दोन वर्षं लागली, कारण या एका दुपारीबरोबर मी तिसरी वहीही भरत बसले होते.

बाकी सगळं सुईचं. टक (छातीला आकार यावा म्हणून घालतात ती निमुळती चुणी), गळ्याची पट्टी, बाही चढवणं, हुकपट्टी. यातलं काहीही व्हिडिओ बघून आधी पाठ करायला जाऊ नका. मांजरपाटावर एकदा वेडंवाकडं शिवा, मग बघा. आधी बघितलं की शिकवणाऱ्या बाईंचे हात दिसतात. शिवून झाल्यावर बघितलं की आपण कुठे वेगळं केलं ते दिसतं. तोच व्हिडिओ असतो, पण दुसऱ्या वेळी त्यातलं एखादंच वाक्य आपल्यासाठी असल्यासारखं कानात शिरतं.

बघण्यापेक्षा करून पाहिल्याने कसं कळतं याचं एक उदाहरण. माझ्या मशीनवर शिलाईच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते यायचे. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबिनचा, खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा, असं मी धरून चालले आणि चार दिवस बॉबिनचे व्हिडिओ बघितले. बॉबिन केसचा बारका स्क्रू इतक्या वेळा फिरवला की त्याची मूळ जागाच विसरले. पाचव्या दिवशी कंटाळून वर निळा दोरा लावला, खाली पांढरा, आणि चिंधीवर एक रेघ मारली. खालचे फास निळे होते! म्हणजे सैल सुटत होता तो वरचा दोरा. मशीनचा कापड दाबून धरणारा पाय खाली असतानाच मी दोरा ओवत होते. पाय खाली असला की वरचा दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही. पाय वर करून पुन्हा ओवला, गुंते गेले. दोन रंगांचे दोरे आणि वीतभर चिंधी, बास. तेव्हापासून काही अडलं की मी आधी स्वतःला विचारते, हे चिंधीवर करून बघता येईल का? येत असेल तर मोबाइल उचलायचा नाही.

मशीनवर बसताना मोबाइल देवघराशेजारी चार्जिंगला लावते. दुपारचे दीड-दोन तास मिळतात, त्यात बघण्याला शेवटची पंधरा मिनिटं. आधीची पंधरा मिनिटं दिली तर ती कधीच पंधरा राहत नाहीत, हा स्वानुभव.

आता उलट बाजू. हात चालायला लागला तशी गल्लीतून कामं आली. दोन महिन्यांत अकरा ब्लाउज शिवले आणि वह्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अकराच्या अकरा ब्लाउजांत टकाच्या शेवटी टोक यायचं, छत्रीच्या काडीसारखं. मला वाटायचं इस्त्री नीट होत नाही. मी इस्त्री जास्त तापवायची, पाणी शिंपडायची, ओलं फडकं ठेवायची. एकीने तर "टोक तेवढं दाबून द्या हं" असं हसत सांगितलं, ते फार लागलं. नुसतं करत राहिल्याने हात सुधारला नव्हता, चूक तेवढी सफाईदार झाली होती.

मग एक ब्लाउज पिशवीत घालून ओळखीच्या म्हाताऱ्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी टकावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "शेवटाला उलटी शिलाई मारतीस नव्हं? ती मारायची न्हाई." टक छातीच्या टोकापर्यंत न नेता अर्धा-पाऊण इंच अलीकडे थांबवायचा, शेवटचे तीन-चार टाके दुमडलेल्या कडेवरून निसटते जाऊ द्यायचे, आणि दोरे लांब ठेवून हाताने गाठ मारायची. दोन मिनिटांचं काम. चहा घ्यायलाही थांबले नाही, घरी येऊन उसवलं.

म्हणून माझा दुसरा नियम: तीच चूक तिसऱ्यांदा झाली की शिवणं थांबवायचं आणि विचारायला जायचं. पहिल्यांदा हात घसरला असेल, दुसऱ्यांदा घाई झाली असेल. तिसऱ्यांदा झाली तर आपल्याला काहीतरी माहीतच नाही असं समजावं. जाताना वस्तू बरोबर न्यायची आणि प्रश्न एकच. "फिटिंग येत नाही" हा काही प्रश्न नव्हे, त्यावर लोक तुम्हाला सहा महिन्यांचा क्लास सुचवतात. "इथे टोक का येतं?" याला उत्तर मिळतं.

तिसऱ्यांदा झाली हे कळायला लिहून ठेवावं लागतं, त्यामुळे चौथी वही आलीच. पण ही तळहाताएवढी आहे, मशीनच्या ड्रॉवरमध्ये बॉबिनांबरोबर राहते आणि तिच्यात फक्त झालेलं लिहिते, वाचलेलं-बघितलेलं नाही. "हिरवा कॉटन, 34, डावी बाही मागे ओढतेय. (2)" कंसातला आकडा कितव्यांदा ते सांगतो.

एक अपवाद. पाचव्या-सहाव्या ब्लाउजच्या सुमारास एक काकू पैठणीचा ब्लाउजपीस घेऊन आल्या. काठ बाहीवर आणायचा, दोन्ही बाह्यांवर एका उंचीला. तिथे "करता करता येईल" हे चालत नाही, चूक झाली तर तसलं कापड दुसरं आणता येत नाही. मी हात जोडले. त्या जरा नाराज झाल्या, होऊ देत. त्या आठवड्यात जुन्या काठाच्या साडीचे तुकडे कापून चार बाह्या जुळवून बघितल्या. पुढच्या वर्षी दुसरी पैठणी आली, ती घेतली.

आत्ता टेबलावर जाऊबाईंचा बोटनेक आहे. त्यांना हुक नकोत, काखेखाली साइडला चेन हवी. चेन मी आजवर लावलेली नाही. कापून झालंय, साइडला माया नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त सोडलीय. राहिलं ते सुईचं काम. आज दुपारी मांजरपाटाच्या दोन तुकड्यांत एक जुनी चेन बसवून बघणार आहे, फाटक्या पर्सची काढून ठेवलेली. व्हिडिओ त्यानंतर.