डेंग्यूचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

पावसाळा सरत आला की सांगली-मिरजेच्या दवाखान्यांबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो: "पेशी किती आल्या?" पेशी म्हणजे प्लेटलेट. आकडा लाखाच्या खाली गेला की फोनाफोनी, पन्नास हजारांच्या खाली गेला की रक्तपेढीकडे धावाधाव. पण डेंग्यूत रुग्ण अत्यवस्थ होतो तो बहुतेकदा रक्तातला पातळ भाग केशवाहिन्यांतून बाहेर झिरपल्यामुळे. रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. ही गळती दाखवणारा आकडा त्याच सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या, कागदावर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) या नावानं छापलेला असतो. त्याकडं घरातलं कुणी ढुंकूनही बघत नाही.

समजा, एखाद्या बाईंच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, पीसीव्ही 30. तापाच्या पाचव्या दिवशी तो 36 आला. छापील मर्यादेत बसतो, म्हणून रिपोर्टवर कुठं खूण नाही आणि घरचे निर्धास्त. प्रत्यक्षात ही 20 टक्के वाढ झाली, म्हणजे गळतीची ठळक खूण. शेजारच्या कॉटवरच्या तरुणाच्या पेशी 40,000 असतील, पण पीसीव्ही स्थिर आहे, लघवी नीट होतेय, तो जेवतोय. अशा वेळी डॉक्टर आधी बाईंकडं वळतात, आणि तरुणाचे नातेवाईक चिडतात! म्हणून पहिली सीबीसी तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच करून ठेवावी, पुढं तुलनेला ती लागते. पुढच्या तपासण्याही शक्यतो त्याच लॅबमध्ये कराव्यात. नळीतल्या रक्तात पेशींचे गठ्ठे झाले तर मशीनवर आकडा खोटा कमी दिसतो. शंका आली तर काचपट्टीवर तपासून घ्यायला सांगा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं असं समजून माणूस उसाला पाणी पाजायला निघतो. धोक्याचे 24 ते 48 तास नेमके तेव्हाच सुरू होतात, साधारण तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, गळून गेल्यासारखं पडून राहणं किंवा उगाच चिडचिड, हातपाय गार पडणं, चार-सहा तास लघवी न होणं: यातलं एक जरी दिसलं तरी पेशींचा आकडा कितीही असो, दवाखाना गाठा. बीपी 100/80 आलं तर वरचा आकडा बरा वाटतो, पण दोन आकड्यांत फक्त 20 चं अंतर उरलंय हे वाईट लक्षण आहे.

एनएस-वन तपासणी (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन रक्तात शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची. सहाव्या-सातव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. तेव्हा आयजीएम, म्हणजे शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, बघावी लागतात. आणि पाऊस नाही म्हणजे डेंग्यू नाही, हाही भ्रमच. दुष्काळी जत-आटपाडीकडं पाणी पिंपात, टाकीत साठवून ठेवावं लागतं, आणि हा डास तसल्याच स्वच्छ पाण्यात वाढतो.

तापाला पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. कमरेत इंजेक्शन तर नकोच. पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट यांच्यावर लोक बराच पैसा घालवतात. फळं खुशाल खा, पण त्यासाठी ओआरएस, ताक, पेज मागं पडू देऊ नका. रक्तस्राव नसेल आणि आकडा 10,000 च्या वर असेल तर पेशी चढवायची सहसा गरज पडत नाही. सलाईनचा आग्रहही धरू नये. झिरपलेलं पाणी दोन दिवसांनी रक्तात परत येतं, आणि त्यावर आणखी बाटल्या चढवल्या तर दम लागतो.

तालुक्याहून मिरजेला हलवायची वेळ आली तर सीबीसीचे सगळे जुने कागद सोबत घ्या. ताप कोणत्या दिवशी आला आणि शेवटची लघवी कधी झाली, हे रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला विचारून त्यावरच लिहून ठेवा.