परत आलेली कचऱ्याची पिशवी

जपानमध्ये शाळेत इंग्रजी शिकवायला आले. 14 दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवणं, बँकेचं खातं, ही कामं सहकारी शिक्षिकेच्या मदतीने झाली. अडलं ते कचऱ्यापाशी. सकाळी ठेवलेली पिशवी संध्याकाळीही तिथेच होती, कावळ्यांनी फाडू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली, वर कचरा नीट वेगळा न केल्याचं सांगणारा लाल स्टिकर. फार लाज वाटली.

पिशवी उचलली आणि थेट शेजारच्या आजींच्या दारात गेले. ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, एवढंच बोलता आलं. आजींनी हातमोजे चढवले, अंगणातच पिशवी उघडली. बाटलीचं झाकण काढलं, वेष्टन सोललं, दोन्ही प्लास्टिकमध्ये. बाटली विसळून, चेपून वेगळी. पाकिटावरची चौकोनी खूण बोटाने दाखवली, आत काताकाना या जपानी लिपीत ‘पुरा’, म्हणजे प्लास्टिक. जेवणातलं उरलंसुरलं अन्न त्यातलं पाणी पिळूनच टाकायचं. आमच्याकडे जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठच्या आत, पालिकेच्याच पिशवीतून.

पालिकेचं कचऱ्याचं कॅलेंडर फ्रिजवर लावलं, प्रत्येक रंगापुढे मराठीत लिहिलं. नव्याने येणाऱ्यांनी हे पहिल्याच आठवड्यात करावं.

त्या महिन्यात आजींना बेसनाचे लाडू दिले. डबा परत आला तो मुळ्याच्या लोणच्याने भरून.