शेअर्ड लायब्ररीतली आतली नावं आतच कशी ठेवावीत

पुण्यात सी आणि सी-प्लस-प्लसवर रोजीरोटी असलेले इंजिनिअर भरपूर आहेत. कुणी गाड्यांच्या डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी राउटरचं, कुणी कारखान्यातल्या यंत्रांचं. त्यातल्या अनेकांच्या कामाचं शेवटचं रूप म्हणजे ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसणारी एक डॉट-एसओ फाइल, म्हणजेच शेअर्ड लायब्ररी. ती हातात देण्याआधी हेडर फाइल (बाहेरच्यांसाठीच्या फंक्शनांची यादी) चारचौघांकडून तपासून घेतली जाते. एसओमधून प्रत्यक्षात कोणती नावं बाहेर दिसतात, हे मात्र फार थोड्या टीम बघतात. बघायलाच हवं, कारण लिनक्सवर वेगळं काही न सांगता बांधलेली लायब्ररी आपलं प्रत्येक ग्लोबल फंक्शन जगजाहीर करते. हेडरमध्ये त्याचा उल्लेख असो वा नसो, लिंकरला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे एकत्र जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याच्याशी देणंघेणं नाही.

एक लहान उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवू. पावसाळ्यात पुण्याच्या वर्तमानपत्रांत खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा साठा रोज छापून येतो. तो मोजणारी लिबधरण नावाची लायब्ररी आपण लिहिली आहे असं समजा. साठा.सी या फाइलमध्ये 'धरण_एकूण_साठा' हे बाहेरच्यांसाठीचं फंक्शन आहे आणि फाइल वाचणारं 'ओळ_वाचा' आहे. गणित.सी मध्ये 'पूर्ण_करा' आहे, जे आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत आणतं आणि लायब्ररीतल्या इतर फाइलींनाही लागतं. (आज्ञा, पर्याय आणि नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगमध्ये टंका.)

आधी काय उघडं आहे ते बघा

लायब्ररी जीसीसी या कंपायलरने नेहमीसारखी बांधा:

जीसीसी -ओ२ -एफपीआयसी -शेअर्ड -ओ लिबधरण.एसओ साठा.सी गणित.सी

आणि फाइलमधली नावं दाखवणाऱ्या एनएम या साधनाला लगेच विचारा:

एनएम -डी --डिफाइन्ड-ओन्ली लिबधरण.एसओ

डावीकडचे पत्ते गाळले, तर उत्तर असं येतं:

टी ओळ_वाचा
टी धरण_एकूण_साठा
टी पूर्ण_करा

इथला 'टी' कॅपिटल आहे. त्याचा अर्थ कोड विभागातलं, बाहेर दिसणारं फंक्शन. आपल्याला एकच नाव द्यायचं होतं, गेली तीन. खऱ्या प्रकल्पात हाच आकडा शेकड्यांत जातो.

या पर्यायातला '-डी' विसरू नका. एल्फ हे लिनक्सवरच्या प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्यांचं फाइल-स्वरूप. एल्फ फाइलमध्ये सिम्बॉलची, म्हणजे नावांची, दोन टेबलं असतात. 'सिमटॅब' हे डीबगरच्या आणि माणसांच्या सोयीचं, तर 'डिनसिम' हे प्रोग्रॅम चालू होताना डायनॅमिक लिंकर ज्यात नावं शोधतो ते. 'स्ट्रिप' चालवलं की नावं लपतात असा समज बराच पसरलेला आहे, पण स्ट्रिप पहिलं टेबल काढतं आणि दुसऱ्याला हात लावत नाही. स्ट्रिप केलेल्या लायब्ररीवर हीच आज्ञा परत चालवा, तिन्ही नावं जागच्या जागी दिसतील.

याने बिघडतं काय

जास्तीची नावं दिसली तर दिसू देत, असं वाटू शकतं. म्हणून हा भाग जरा सावकाश बघू.

ग्राहकाच्या प्रोग्रॅममध्ये लिबबिल नावाची दुसरी एक लायब्ररी आहे, दुसऱ्याच कुणी लिहिलेली. तिच्यातही 'पूर्ण_करा' आहे. तेही डबल घेतं आणि डबल देतं, पण पैसे सोडून फक्त पूर्ण रुपये ठेवतं. लिंक करताना लिबबिल आधी आणि लिबधरण नंतर लिहिली गेली. कंपायलर गप्प, लिंकर गप्प, प्रोग्रॅमही बिनतक्रार चालतो. दोन साध्या ऑब्जेक्ट फाइलींमध्ये एकच नाव दोनदा आलं असतं, तर लिंकरने 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून बिल्ड तिथेच थांबवला असता. दोन शेअर्ड लायब्रऱ्यांत तो थांबवत नाही.

आता चारही धरणं भरली आहेत असं धरा. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. बेरीज २९.१५ यायला हवी. पण लिबधरण स्वतःच्याच 'पूर्ण_करा'ला हाक मारते तेव्हा ओ देतं लिबबिलमधलं 'पूर्ण_करा'. मग १, १०, १२ आणि ३ यांची बेरीज होऊन २६ येते. तीन टीएमसीहून जास्त पाणी कागदावरून गेलं आणि एकही एरर नाही. दोन्ही टीमनी आपापल्या लायब्ररीच्या चाचण्या घेतल्या असतील, तर त्या सगळ्या पास झालेल्या असतील.

यात लिंकरची चूक नाही. एल्फ ठरवताना शेअर्ड लायब्ररी जुन्या स्टॅटिक लायब्ररीसारखीच वागावी असा हेतू होता. म्हणून डायनॅमिक लिंकर नाव शोधताना आधी मुख्य प्रोग्रॅममध्ये बघतो, मग एलडी-प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने मुद्दाम घातलेल्या लायब्रऱ्यांत आणि मग बाकीच्यांत, ज्या क्रमाने त्या मागवल्या गेल्या त्या क्रमाने. पहिलं सापडेल ते नाव सगळ्यांसाठी लागू. याच सोयीमुळे मेमरी मिळवून देणाऱ्या मॅलॉक या फंक्शनच्या जागी स्वतःचं मॅलॉक बसवता येतं, तेव्हा ती उपयोगाचीही आहे. पण आपलं आतलं फंक्शन कुणी परस्पर बदलावं अशी आपली इच्छा नसते, आणि ती इच्छा लिंकरला आपोआप कळत नाही.

शंका असेल तर एलडी-डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला 'बाइंडिंग्ज' ही किंमत देऊन प्रोग्रॅम चालवा. कोणत्या फाइलमधली हाक कोणत्या फाइलला जोडली गेली, ते ओळीओळीने छापलं जातं. 'लिबधरणपासून लिबबिलकडे, सिम्बॉल पूर्ण_करा' अशा अर्थाची ओळ दिसली की शोध संपला.

वेगाचंही थोडं नुकसान होतं. नाव बदललं जाण्याची शक्यता असल्यामुळे जीसीसी ते फंक्शन इनलाइन करत नाही, म्हणजे हाकेच्या जागी त्याचा कोड थेट बसवत नाही, आणि हाक थेट न जाता पीएलटी नावाच्या मधल्या टप्प्यावरून जाते.

एकाच फाइलपुरतं असेल तर स्टॅटिक

'ओळ_वाचा' फक्त साठा.सी मध्ये लागतं. त्याच्यापुढे 'स्टॅटिक' लिहा, काम झालं. 'पूर्ण_करा'ला हे चालणार नाही, कारण ते इतर फाइलींतूनही वापरलं जातं. सी भाषेत 'या फाइलपुरतं' आणि 'सगळ्यांसाठी' अशा दोनच पायऱ्या आहेत. 'या लायब्ररीपुरतं' ही मधली पायरी भाषेत नाही, ती कंपायलर आणि लिंकरकडून मिळवावी लागते.

सगळं झाका, मग हवं तेवढं उघडा

२००५ मध्ये आलेल्या जीसीसी ४.० पासून यासाठी एक फ्लॅग आहे, क्लँग या दुसऱ्या कंपायलरलाही तो समजतो:

-एफव्हिजिबिलिटी=हिडन

हा कंपाइल करतानाच्या फ्लॅगमध्ये घाला, फक्त लिंक करतानाच्या फ्लॅगमध्ये घालून उपयोग नाही. बिल्डसाठी सीमेक वापरत असाल तर 'सी-व्हिजिबिलिटी-प्रीसेट' ही प्रॉपर्टी हिडन करा. मग सार्वजनिक हेडरमध्ये एक मॅक्रो लिहा:

#डिफाइन धरण_एपीआय __ॲट्रिब्यूट__((व्हिजिबिलिटी("डिफॉल्ट")))

आणि जे द्यायचं आहे त्याच्याच पुढे तो लावा:

धरण_एपीआय डबल धरण_एकूण_साठा(व्हॉइड);

पुन्हा बांधा, पुन्हा एनएम चालवा. एकच ओळ येईल. 'पूर्ण_करा' ऑब्जेक्ट फाइलमध्ये ग्लोबलच आहे, पण त्यावर हिडनची खूण आहे. लिंकर आधी लायब्ररीतल्या सगळ्या फाइली एकमेकींना जोडतो आणि मग ते नाव लोकल करून डिनसिममधून वगळतो. आता लिबधरणची हाक थेट आपल्याच फंक्शनकडे जाते आणि बेरीज २९.१५ येते, लिबबिल आधी असो की नंतर.

एकाच नावावर दोन ऑब्जेक्ट फाइलींत वेगवेगळ्या खुणा असतील तर लिंकर त्यातली जास्त कडक खूण मानतो. त्यामुळे नाव उघडं केलंय आणि तरी दिसत नाही असं झालं, तर दुसऱ्या एखाद्या फाइलमध्ये तेच नाव हिडन म्हणून जाहीर केलंय का ते शोधा. कोडच्या एका सलग भागाला ही खूण लावणारा 'प्रॅग्मा जीसीसी व्हिजिबिलिटी पुश' वापरणाऱ्यांनी इथे विशेष जपावं. हा प्रॅग्मा नुसत्या घोषणांनाही लागू होतो, फ्लॅग तसा होत नाही. प्रॅग्माच्या आत दुसऱ्या लायब्ररीचं हेडर घेतलं, तर तिची फंक्शनंही आपलीच हिडन फंक्शनं समजली जातात आणि ती सापडत नाहीत म्हणून लिंकर अडतो. मी फ्लॅग आणि मॅक्रो याच जोडीच्या बाजूने आहे, कारण काय उघडं आहे ते हेडर वाचतानाच कळतं.

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची सुरुवातच उलटी आहे. तिथे 'डीएलएल-एक्सपोर्ट' म्हटल्याशिवाय किंवा एक्सपोर्टची वेगळी यादी दिल्याशिवाय काहीच बाहेर पडत नाही. त्यामुळे हाच मॅक्रो इफडेफ (कोणती सिस्टिम आहे ते बघणारी अट) घालून दोन्हीकडे वापरता येतो.

दुसऱ्यांचा कोड आपल्या पोटात असेल तर

डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिबसारखी स्टॅटिक लायब्ररी अनेकजण आपल्या एसओमध्ये सामावून घेतात. ती आपल्या फ्लॅगने कंपाइल झालेली नसते, म्हणून तिची सगळी नावं आपल्या लायब्ररीतून बाहेर डोकावतात. ग्राहकाकडे तिचीच दुसरी आवृत्ती असली, की अर्धा कोड या आवृत्तीचा आणि अर्धा त्या आवृत्तीचा चालू लागतो. असे क्रॅश शोधण्यात आठवडे जातात. लिंक करताना एवढं घाला:

-डब्ल्यूएल,--एक्सक्लूड-लिब्ज,ऑल

व्हर्जन स्क्रिप्ट कधी

ज्यांना लायब्ररी वर्षानुवर्षं सांभाळायची आहे त्यांनी लिंकरला एक यादीही द्यावी. धरण.मॅप अशी फाइल करा:

धरण_१ {
  ग्लोबल:
    धरण_*;
  लोकल:
    *;
};

आणि '-डब्ल्यूएल,--व्हर्जन-स्क्रिप्ट=धरण.मॅप' हा पर्याय लिंक करताना द्या. यात नसलेलं सगळं लोकल होतं. मात्र कंपायलरने हिडन केलेलं नाव इथे ग्लोबलखाली लिहिलं तरी ते उघडं होत नाही. तारका घालण्यापेक्षा नावं एकेक करून लिहावीत असं माझं मत आहे. तारकेमुळे उद्या कुणी 'धरण_' ने सुरू होणारं आतलं फंक्शन लिहिलं आणि चुकून त्याला मॅक्रो लागला, तर तेही बाहेर जाईल.

यादीबरोबर 'धरण_१' ही आवृत्तीची खूणही नावाला चिकटते. लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी जीलिबसी हेच करते. ६४-बिट इंटेलवर मेमकॉपी या फंक्शनची २.१४ ही नवी आवृत्ती आहे, आणि तिच्यावर लिंक झालेला प्रोग्रॅम त्याहून जुन्या जीलिबसीवर सुरूच होत नाही.

लायब्ररी आधीच ग्राहकांकडे पोचली असेल, तर नावं झाकण्याची घाई नको. उघडं राहिलेलं आतलं फंक्शन कुणीतरी वापरत असू शकतं. शक्य असेल तिथे ग्राहकाच्या प्रोग्रॅमवर 'एनएम -डी --अनडिफाइन्ड-ओन्ली' चालवून तो आपल्याकडून काय मागतो ते बघा. मग जे काढायचं ते काढा आणि सोनेमचा, म्हणजे लायब्ररीत नोंदलेल्या तिच्या आवृत्तीसकट नावाचा, आकडा वाढवा.

सी-प्लस-प्लसवाल्यांसाठी

इनलाइन फंक्शनंही झाकणारा '-एफव्हिजिबिलिटी-इनलाइन्स-हिडन' हा फ्लॅगही घाला. लायब्ररीच्या सीमेपलीकडे फेकल्या जाणाऱ्या एक्सेप्शनच्या क्लासला मॅक्रो लावायला विसरू नका. त्याची टाइप-माहिती झाकली गेली तर काही प्लॅटफॉर्मवर पलीकडचा कॅच तो ओळखत नाही आणि प्रोग्रॅम बंद पडतो. डायनॅमिक-कास्टचंही तसंच.

चाचण्या आणि रोजची तपासणी

नावं झाकली की आतल्या फंक्शनांच्या युनिट टेस्ट लिंक होईनाशा होतात. त्यासाठी परत काही उघडं करू नका. त्याच ऑब्जेक्ट फाइलींची एक स्टॅटिक लायब्ररी बांधा आणि टेस्ट तिच्याशी जोडा. शेअर्ड लायब्ररी लिंक करताना '-डब्ल्यूएल,-झेड,डेफ्स' घातलं, तर न सापडणारं नाव ग्राहकाकडे नव्हे, आपल्याच बिल्डमध्ये पकडलं जातं.

शेवटी एनएमच्या उत्तरातली फक्त नावं क्रमाने लावून एका फाइलमध्ये ठेवा आणि ती गिटमध्ये टाका. प्रत्येक बिल्डनंतर नवी यादी काढून डिफ चालवा आणि फरक आला तर बिल्ड नापास करा. नवं नाव द्यायचं असेल तर ज्याने ते लिहिलं त्यानेच यादीही बदलावी, म्हणजे रिव्ह्यू करणाऱ्याला ती ओळ वेगळी दिसते आणि हे ग्राहकाला खरंच द्यायचंय का, हा प्रश्न तिथेच विचारता येतो.