युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर मोठा डेटा टाकताना नेट गेलं तर

पीएचडीसाठी दिंडोरीच्या द्राक्षबागेतले ड्रोनचे फोटो, जवळजवळ ४० जीबी, कॉलेज रोडच्या रूमवरून युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर टाकत होते आणि दर वेळी लाईट गेली की राउटर बंद, कॉपी अर्धवट, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी साधी कॉपी सोडली आणि आरसिंक (rsync, कमांड टाइप करून फाइल्स कॉपी करायचं टूल) वापरलं, तेव्हा सुटले.

१. लिनक्स, मॅकवर ते बहुतेक असतंच, विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका.
२. आरसिंकच्या कमांडमध्ये हायफन लावून स्मॉल ए, स्मॉल व्ही आणि कॅपिटल पी (rsync -avP) द्या. हा कॅपिटल पीच महत्त्वाचा, त्याने अर्धी गेलेली फाइल सर्व्हरवर तशीच राहते.
३. नेट तुटलं? अपचा बाण दाबून तीच कमांड परत चालवा, पोचलेल्या फाइल्स सोडून ते तिथून पुढे सुरू करतं.
४. संपल्यावर अजून एकदा चालवा, एकाही फाइलचं नाव दिसलं नाही म्हणजे सगळं पोचलं.

एक सांभाळा, सर्व्हरवरचं स्क्रॅच फोल्डर (तात्पुरत्या कामाची जागा) मोठं आणि फास्ट असलं तरी त्याचा बॅकअप सहसा नसतो, बऱ्याच ठिकाणी जुन्या फाइल्स आपोआप उडवतात, म्हणून मूळ फोटो हार्डडिस्कवरून अजिबात काढू नका.