सोलापूरच्या गच्चीवर चंद्रांतराचा सराव

चंद्र आणि तारा यांतला कोन, म्हणजे चंद्रांतर, मोजून समुद्रावर रेखांश काढण्याची रीत सोलापुरातही गिरवता येते. क्षितिज नसले तरी परातीतल्या तेलातले प्रतिबिंब आणि प्रत्यक्ष तारा यांतला कोन सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने मोजून निम्मा केला की उन्नतांश, म्हणजे क्षितिजापासूनची कोनीय उंची, मिळतो. वाऱ्याने तेल थरथरले, तर मात्र थांबावे. मग चंद्राची उजळ कड ताऱ्याला अलगद टेकवून अंतर पाचदा मोजावे आणि सरासरीला चंद्राची त्रिज्या, वक्रीभवन (हवेत प्रकाश वाकणे) व लंबन (पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्याने चंद्राच्या जागेत पडणारा फरक) यांची दुरुस्ती द्यावी. हे शुद्ध अंतर नाविक पंचांगावरून काढलेल्या अंतरांशी ताडले की ग्रिनिचची वेळ कळते; ताऱ्याच्या उन्नतांशावरून काढलेल्या स्थानिक वेळेशी तिचा फरक, चार मिनिटांना एक अंश या हिशेबाने, रेखांश देतो. सोलापूरला उत्तर सुमारे ७५.९ अंश पूर्व यावे. चंद्र ताशी जेमतेम अर्धा अंश सरकतो, त्यामुळे अंतरातली एका कलेची (अंशाच्या साठाव्या भागाची) चूक येथे सुमारे ५३ किलोमीटरना पडते.